कुणावर दात खायलाव?

2024 ची येळवस, म्हणजे वेळा अमावास्या, शेतात जाऊन पूजा करायचा आमच्याकडचा सण, 30 डिसेंबरला आली होती, सोमवार, जिल्ह्याला सुट्टी, दुपारपर्यंत लातूर शहर ओस कारण जो तो आपल्या नाहीतर पाहुण्याच्या शेतात. आम्हीपण औशाकडच्या आमच्या वावरात होतो. कडब्याची कोप, पूजा, मग भज्जी, बाजरीचे उंडे, आंबिल, सगळं दाबून हाणलं आणि उगंच पाय मोकळे करायला बांधावरच्या बोरीखाली गेलो. चार-दोन बोरं तोंडात टाकली आणि एकदम कट्ट असा आवाज. मला वाटलं आठोळी फुटली. हातावर थुंकून बघितलं तर आठोळी जशीच्या तशी साबूत आणि शेजारी पांढरा कपचा, माझ्या उजव्या दाढेचा.

दुखलं बिखलं काही नाही तेव्हा. जीभ मात्र दिवसभर तिथंच, धारदार कोपऱ्यावर. संध्याकाळी गार पाणी प्यालो तेव्हा कानापर्यंत कळ गेली आणि मग तारे दिसले.

नवीन वर्षाच्या दुसऱ्या दिवशी दातांच्या मॅडमकडं गेलो, बायको सोबत. मी आपलं सांगितलं की बोराच्या आठोळीनं दाढ फुटली. मॅडमनी आरसा आत घालून इकडं तिकडं बघितलं, गालाच्या आतून बघितलं, जीभ बाहेर काढायला लावली, मग दोन्ही जबड्यांच्या कोपऱ्यावर बोटं दाबली तर मी कळवळलो, आणि मग त्यांनी विचारलं, रात्री झोपेत दात खाता का? मी म्हणालो नाही. बायको मागून लगेच, "खातेत की! अकरा वर्षं झाली ऐकायलेय मी."

तर ही सगळी गोष्ट तिथून सुरू झाली. म्हणजे मॅडमच्या खुर्चीत सुरू झाली, खरं तर ती लई जुनी आहे.

आपल्या भाषेत दात खाणं म्हणजे रागच. दातओठ खाणं, दात धरणं, सगळं वैरातलंच. त्यामुळं लग्न झाल्यापासून बायको रात्री मला हलवून विचारायची, "अहो, कुणावर दात खायलाव एवढं?" मी झोपेत काहीतरी पुटपुटून कूस बदलायचो आणि सकाळी मला काही आठवायचं नाही. भांडण झालेल्या दिवशी तर तिची खात्रीच असायची की तिच्यावरच चाललंय. मी आडत दुकानात हिशोब लिहितो, दिवसभर शेतकरी, खरेदीदार, हमाल, मालक या सगळ्यांच्या मधे उभा, त्यामुळं राग यायला जागा भरपूर आहे, पण खरं सांगतो झोपताना मी कुणावर चिडलेलो नसतो. पडलो की झोप.

बायकोपेक्षा जास्त त्रास मायला. आमचं माहेर सासर सगळं औसा तालुक्यातलं, किल्लारीपासून लांब नाही. 30 सप्टेंबर 1993 ला पहाटे चारच्या सुमारास भूकंप झाला तेव्हा मी सहा वर्षांचा होतो, गणपती बुडवून लोक येऊन झोपलेले. मला फक्त धूळ आणि रडारड आठवते. मायला मात्र त्याआधीचा आवाज आठवतो, जमिनीखालून आलेली घरघर. तेव्हापासून रात्री कसलाही घरघर करकर आवाज आला की ती उठून बसते, ट्रक गेला तरी. आणि तिच्याच घरात, भिंतीपलीकडं, तिचा लेक रात्री दोन तीन वाजता जात्यावर ज्वारी दळल्यासारखा दात खातोय. कितीतरी वेळा ती आमच्या दाराशी येऊन उभी राहिलेली बायकोनं बघितलंय. मला यातलं काहीच माहीत नव्हतं, मॅडमच्या दवाखान्यातून परत येताना गाडीवर बायकोनं सांगितलं.

मॅडमनी काय दाखवलं ते सांगतो. माझ्या सुळ्यांची टोकंच नाहीत. सुळा टोकदार पाहिजे ना, माझे सपाट, वरच्या सुळ्याचं सपाट बरोबर खालच्याच्या सपाटावर बसतं, कुलपात किल्ली बसावी तसं. पुढच्या दातांच्या कडा झिजून सरळ रेषेत. दोन दाढांवर मधोमध पिवळसर खड्डे, ते कीड नाही, वरचं पांढरं कवच म्हणजे इनॅमल झिजून आतला थर उघडा पडलाय. इनॅमल हा शरीरातला सगळ्यात कडक पदार्थ, हाडापेक्षा कडक, पण हाड मोडलं तर जुळतं आणि इनॅमल एकदा गेलं की गेलं, ते परत वाढत नाही कारण ते तयार करणाऱ्या पेशी दात वर यायच्या आधीच संपलेल्या असतात. जिभेच्या कडेला दातांचे ठसे, गालाच्या आत दातांच्या रेषेत एक पांढरी कड. आणि जबड्याचा तो चावायचा स्नायू, कानाच्या खाली दात आवळले की टरारून वर येतो तो, माझा पैलवानाच्या दंडासारखा. मला वाटायचं माझा चेहराच चौकोनी आहे.

बोरानं फक्त शेवटचा धक्का दिला, दाढेला तडा आधीच होता, असं त्या म्हणाल्या.

अशा दात खाण्याला ब्रक्सिझम म्हणतात. मी विचारलं टेन्शनमुळं होतं का, तर त्या म्हणाल्या टेन्शननं वाढतं पण तेवढंच एक कारण नाही. झोपेत मेंदू मधूनमधून क्षणभर अर्धवट जागा होतो, ठोके वाढतात आणि त्याच्या मागोमाग काही लोकांचा जबडा चालायला लागतो. पूर्वी समज होता की दात वाकडेतिकडे बसतात म्हणून माणूस दात खातो, आता तसं मानत नाहीत. चहा कॉफी जास्त, तंबाखू, सिगरेट, दारू यांनी भर पडते. उदासीवरच्या काही गोळ्यांनीपण होतं, पण म्हणून गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही, ज्यानं लिहून दिली त्या डॉक्टरला सांगायचं. मी दिवसात चहा किती पिता याचं उत्तर द्यायला थांबलो तर बायकोनं दिलं, अकरा. अकरा नाही, आठ नऊ. मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, कुणी आला की चहा सांगावा लागतो, एकट्याला कसा देणार.

अजून एक त्यांनी विचारलं, घोरता का, श्वास अडकतो का, दिवसा पेंग येते का. मला तसं काही नाही. पण माझ्या मेव्हण्याला आहे, जालन्याला असतो, तो घोरतो पण आणि दात पण खातो, आणि त्याची बायको सांगते मधेच श्वास बंद पडल्यासारखा होऊन मग दचकून उठतो. मॅडम म्हणाल्या त्यांना आधी झोपेची तपासणी करायला सांगा, नुसता गार्ड, म्हणजे रात्री दातांवर घालायचं आवरण, बसवून भागणार नाही, उलट काही लोकांचं अशानं बिघडू शकतं. मेव्हण्याला सांगितलं. तो म्हणाला बघू. दाजी लोकांचं ऐकायचं नाही असा त्याचा नियम आहे.

तर दाढेचं रूट कॅनाल झालं, वर कॅप बसली, सगळं मिळून 8500 गेले. आणि मग मॅडम म्हणाल्या आता नाईट गार्ड करून घ्या, नाहीतर ही कॅपपण फोडाल आणि शेजारचीपण. किती? 4000. मी म्हणालो बघू. (मेव्हण्याला नावं ठेवतोय पण खानदान तेच.)

मनात हिशोब असा की प्लास्टिकचा एक तुकडा, त्याला 4000 कशाला. मोबाईलवर शोधलं तर 450 ला एक मिळत होता, चार नगांचा सेट, आणि डबी फ्री. मागवला. उकळत्या पाण्यात थोडा वेळ ठेवायचा, मऊ झाला की जरा निववून तोंडात घालून चावायचा म्हणजे दातांचा आकार घेतो, असं लिहिलेलं. पहिला पाण्यात जास्त वेळ राहिला तर चुरगाळलेल्या पन्नीसारखा झाला. दुसरा बसला पण एवढा जाड की ओठ मिटेनात, रात्रभर लाळ, आणि मागं टोचून ओकारी. तिसऱ्या रात्री तो सकाळी उशीखाली सापडला, मी कधी काढला देव जाणे. आणि बायको म्हणाली आवाज येत नाही पण तुम्ही रात्रभर च्युइंगम खाल्ल्यासारखं चावायलाव. सकाळी जबडा आधीपेक्षा जास्त दुखायचा. नंतर मॅडमना सांगितल्यावर त्या हसल्या, म्हणे मऊ गार्ड काही लोकांना चालतो पण काहींना चावायला खेळणंच मिळतं, जबडा जास्तच चालतो. तुमच्यासारख्या जोरात खाणाऱ्याला कडक अॅक्रिलिकचाच पाहिजे.

मार्च एंडला आमच्याकडं काय असतं ते हिशोबाच्या धंद्यातल्यांना सांगायला नको. एका सकाळी उठलो तर कानशिलं अशी ठणकत होती की जशी कुणी रात्रभर डोकं शिकंज्यात धरलंय, कानपण दुखतोय, कानाच्या डॉक्टरनं बघून सांगितलं कान स्वच्छ आहे. तेव्हा गपगुमान 4000 घेऊन गेलो.

आता हे माप घेणं म्हणजे एक प्रकार असतो. गुलाबी पावडर पाण्यात कालवतात, पिठल्यासारखं घट्ट झालं की स्टीलच्या ट्रेमधे भरून तोंडात दाबतात. दोन तीन मिनिटात ते रबरासारखं घट्ट होतं, पण ती दोन तीन मिनिटं! मॅडम म्हणतात नाकानं श्वास घ्या, मान थोडी पुढं, पायाची बोटं हलवा. मी बोटं हलवतोय, डोळ्यात पाणी, शेजारच्या खुर्चीवर एक म्हातारे बाबा मला बघून हसतायत. वरचं खालचं दोन्ही माप, आणि दात कसे मिटतात ते बघायला मेणाची पट्टी चावून घेतात. कॅप आधी बसवून मग माप हा क्रम बरोबर असतो हे पण तेव्हा कळलं, नाहीतर नंतर कॅप बसली की गार्ड बसत नाही, परत 4000.

आठ दिवसांनी गेलो तेव्हा लॅबमधून गार्डबरोबर माझ्या दातांचे प्लास्टरचे साचे आलेले. मॅडमनी दोन्ही साचे माझ्या हातात दिले. आपले दात आपल्या हातात, असे मी कधी बघितले नव्हते. वरचा खालच्यावर ठेवून जरा सरकवला तर झिजलेल्या जागा बरोबर जुळून सरकल्या, खर्र. तोच आवाज. मला एकदम माय आठवली दाराशी उभी राहिलेली.

गार्ड दिसायला काचेसारखा पारदर्शक, वरच्या दातांवर बसणारा, दोन तीन मिलीमीटर जाडीचा असेल, घट्ट पण टोचत नाही. आणि मग मॅडमनी काढला निळा कागद. पातळ पट्टी, ती गार्ड आणि खालच्या दातांमधे ठेवून म्हणाल्या चावा, इकडं घासा, तिकडं घासा. गार्ड काढला तर त्यावर निळे ठिपके. मी म्हणालो हा तर कार्बन पेपर! माझं अर्धं आयुष्य पावतीपुस्तकात कार्बन घालण्यात गेलंय. त्या म्हणाल्या तसंच समजा. जिथं ठिपका गडद तिथं तो दात जास्त दाबतोय, तिथं मशिननं थोडं घासायचं, परत कागद, परत चावा, परत घासा. जमा नावे जुळेपर्यंत. शेवटी दोन्हीकडं सगळ्या दाढांचे ठिपके सारखे, छोटे छोटे उमटले तेव्हा त्या थांबल्या. या कामाला अर्धा तास लागला आणि मला तेव्हा पटलं की 4000 कशाचे होते. 450 वाल्यात हा कागदच नव्हता.

मॅडमनी एक गोष्ट स्पष्ट सांगितली ती मला आवडली. यानं तुमचं दात खाणं बंद होणार नाही. तुम्ही खाणारच. फक्त दात दाताला घासायच्या ऐवजी गार्डला घासेल, अॅक्रिलिक इनॅमलपेक्षा मऊ असतं म्हणून झिजायचं ते गार्ड झिजेल, आणि जोर एका दाढेवर न येता सगळ्यांवर वाटला जाईल.

पहिल्या रात्री गार्ड घालून मी बायकोला म्हणालो "सकाळी सहाला उठव" तर ते असं काही निघालं की ती पाच मिनिटं हसत होती. लाळ आली, जबडा आवळल्यासारखा वाटला. सकाळी काढल्यावर पंधरा वीस मिनिटं दात कुणा दुसऱ्याचेच बसवलेत असं वाटायचं, मग आपोआप जागेवर. साताठ दिवसात सवय झाली. आता घातल्याशिवाय झोपलो तर चप्पल न घालता उन्हात निघाल्यासारखं वाटतं.

मायचा वेगळाच घोळ झाला. तिला कवळी आहे, रात्री ती वाटीत पाण्यात ठेवते देवळीत. तिसऱ्या की चौथ्या दिवशी सकाळी तिनं बेसिनवर माझा गार्ड बघितला आणि तिथंच बसली. "लेकरा, तुझे दात कधी गेले रं? सांगितलं पण नाहीस." तिला वाटलं पोराला अडतिसाव्या वर्षी कवळी लागली आणि सून लपवायलीय. तिला तोंड उघडून सगळे दात दाखवले, तिनं बोट लावून मोजले. मग म्हणाली, "जंत झाले असतील. वावडिंग घे म्हणलं तर ऐकत नाहीस."

जंतांचं आपल्याकडं सगळ्यांना माहीत आहे, पोरगं दात खायलं की जंत. माझी पोरगी आठ वर्षांची, तीपण खाते कधीकधी. मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या शाळेत जंताची गोळी देतात ती द्याच, ती चांगलीच आहे, पण जंत आणि दात खाणं यांचा संबंध पक्का असा दाखवता आलेला नाही. लहान मुलांत हे बऱ्याचदा असतं आणि मोठं होता होता बहुतेकांचं आपोआप जातं. दात बदलायचे असतात, जबडा वाढायचा असतो, म्हणून सहसा त्यांना गार्ड देत नाहीत, नुसती नजर ठेवायची. मायला हे सांगितलं नाही. वावडिंगाचा काढा पोरगी तोंड वाकडं करून पिते, मी पण पितो, घरात शांतता असलेली बरी.

धुवायचं म्हणाल तर सोपं आहे पण मी चुका करून शिकलो. सुरुवातीला पेस्ट लावून घासायचो, त्यानं गार्डवर बारीक ओरखडे पडले आणि त्यात वास धरायला लागला. पेस्ट खरखरीत असते, ती चालत नाही. साधा हात धुवायचा पातळ साबण थेंबभर, मऊ ब्रश, आणि साधं गार पाणी, मग कोरडा करून भोकं असलेल्या डबीत. गरम पाणी चुकूनही नाही. मे महिन्यात लग्नाला परभणीला गेलो होतो, परत निघताना डबी कारच्या डॅशबोर्डवर राहिली, दुपारभर गाडी उन्हात. मराठवाड्यातलं मे महिन्यातलं ऊन आणि बंद गाडी, आत काय झालं असेल बघा. रात्री घातला तर एका बाजूला बसेना. मॅडमनी परत निळा कागद काढला, एक तास खटपट करून थोडाफार जमवला, आणि बोलल्या पण बरंच. कुत्र्यापासून पण सांभाळायचा म्हणे, कुत्र्यांना हे चावायला फार आवडतं. आमच्याकडं कुत्रं नाही. आणि कागदात गुंडाळून ताटाशेजारी ठेवायचा नाही, सरळ कचऱ्यात जातो.

रात्रीचं गार्डनं सांभाळलं पण दिवसाचं मलाच बघावं लागतं. मॅडम म्हणाल्या होत्या, ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ निवांत. वरचे खालचे दात एकमेकाला लागायचे ते चावताना आणि गिळताना, दिवसभरात मिळून काही मिनिटं. मी लक्ष ठेवून बघितलं तर कॅल्क्युलेटरवर बेरीज चालू असली की माझे दात घट्ट आवळलेले. प्रत्येक वेळी. म्हणून कॅल्क्युलेटरवर पोरीची लाल टिकली चिकटवली, टिकली दिसली की दात सोडायचे. मालकानं विचारलं हे काय, म्हणलं डॉक्टरनं सांगितलंय. त्यांनी दोन दिवसांनी आपल्या पण कॅल्क्युलेटरवर टिकली लावली, दातांसाठी नाही, त्यांना वाटलं बरकतीचं काहीतरी आहे.

चहा चारवर आणलाय. पाच.

दिवाळीच्या आसपास सोयाबीनची आवक असते तेव्हा आमचा खरा हंगाम. 2025 ला हमीभाव 5328 होता आणि मोंढ्यातला सौदा त्याच्या खाली, त्यात सप्टेंबरच्या पुरानं माल भिजलेला, काळा पडलेला, शेतकरी हिशोबाची पट्टी हातात घेऊन माझ्याकडं बघतो जसा भाव मीच पाडलाय. भाव मी ठरवत नाही, मी फक्त लिहितो, पण समोर मीच बसलेलो असतो ना. त्या महिन्याभरानंतर गार्ड उजेडात धरून बघितला. उजव्या बाजूला दोन खोल चरे, जिथं आधी नुसते ओरखडे होते. उन्हाळ्यापासूनचे सहा महिने एका बाजूला आणि हा एक महिना एका बाजूला. बायकोला दाखवला. तिनं बराच वेळ बघितला आणि म्हणाली, "म्हणजे माझ्यावर नव्हते खात तर."

2025 च्या येळवशीला परत त्याच वावरात होतो, बोर तशीच लगडलेली. मी खाली गेलो तर माय काठी टेकत मागं आली, बोरं तिनं पदरात घेतली, पोरीला सांगून कोपीतून सुरी आणवली आणि एकेक बोर कापून, आठोळी काढून मला देत बसली. मी म्हणलं माय, दिवसा चालतंय, चावू दे की. "गप बस," म्हणाली, आणि पुढचं बोर कापायला घेतलं.